एक्स८७०ई चा साठ हजारी बोर्ड: पैसे नेमके कशाचे मोजायचे?

घोडबंदरकर

मंडळी, पीसीची जुळणी अशी: एएमडीचा रायझन ७ ९८००एक्स३डी प्रोसेसर, डीडीआर५-६००० सीएल३० रॅमच्या १६ जीबीच्या दोन स्टिक, ३६० मिमीचा एआयओ (पाण्यावरचा सीलबंद कूलर), ८५० वॅटचा पीएसयू (वीजपुरवठा), आरटीएक्स ५०८० ग्राफिक्स कार्ड. मदरबोर्ड तेवढा ठरायचा आहे. समोर दोन आहेत.

अ) एक्स८७०ई चिपसेट (पोर्ट आणि स्लॉट चालवणारी चिप), १८+२+२ फेज (प्रोसेसरला वीज वाटून देणारी सर्किटं), ११० अँपिअरचे पॉवर स्टेज (फेजमधली वीज देणारी चिप), चार रॅम स्लॉट, यूएसबी४, बाहेरचा क्लॉक जनरेटर (मूळ क्लॉक बदलू देणारी चिप), पोस्ट कोडचा डिस्प्ले (बूट कुठं अडलं ते सांगणारा). किंमत साठ हजारांच्या आसपास.

ब) बी८५० चिपसेट, १४+२+१ फेज, चार रॅम स्लॉट, यूएसबी४ नाही, क्लॉक जनरेटर नाही. किंमत जवळपास निम्मी.

वापर म्हणजे १४४० पिक्सेलवर गेमिंग, पीबीओ (एएमडीची बूस्टची मर्यादा वाढवायची सोय), कर्व्ह ऑप्टिमायझर (कोअरचं व्होल्टेज कमी-जास्त करायची सेटिंग) आणि रॅमचे टायमिंग आवळणं. द्रव नायट्रोजननं थंड करून विक्रम वगैरे नाही. खोली ठाण्यात घोडबंदर रोडला, दिवसा एसी नाही, मे महिन्यात खोलीतच ३३-३४ अंश. दुकानदार सात दिवसांत बदली देतो, नंतर सर्व्हिस सेंटर. मला दोन गोष्टी हव्यात: अ च्या जास्तीच्या पैशांत खरोखर काय मिळतं, आणि त्या सात दिवसांत बोर्ड कसा पिळून बघायचा.

---

सोल्डरधूर

फेजांचं गणित आधी उरकू. ९८००एक्स३डी ची पीपीटी (सॉकेटमधून घेता येणारी एकूण वीज) मर्यादा १६२ वॅट. त्यात एसओसी (चिपमधला मेमरी कंट्रोलर वगैरेचा भाग) आणि इतर रेल (विजेच्या ओळी) धरलेल्या असतात, म्हणजे कोअरच्या वाट्याला साधारण १३० वॅट. १.२ व्होल्टला हे झाले १०८ अँपिअर. १८ फेजांत वाटले तर प्रत्येकी ६, चौदांत वाटले तर पावणेआठ. ११० अँपिअरच्या स्टेजला ६ अँपिअर म्हणजे हत्तीच्या पाठीवर दप्तर. उलट इतक्या हलक्या भारावर स्टेजचं स्विचिंग आणि गेट चालवण्याचं नुकसानच जास्त दिसतं, कारण ह्या स्टेजची सर्वात चांगली कार्यक्षमता त्याहून बऱ्याच वरच्या करंटला असते. त्यामुळे फेज वाढवले म्हणून बोर्ड तेवढा थंड राहतो, असं नाही. उद्या २३० वॅट पीपीटीचा ९९५०एक्स लावलात तरी ब च्या चौदा फेजांवर प्रत्येकी ११-१२ अँपिअरच येतील.

'१८ खरे की खोटे' ह्या वादातही पडू नका. बहुतेक अशा बोर्डांवर कंट्रोलरचा एक सिग्नल दोन स्टेजना जोडीनं जातो. सिग्नल दुप्पट करणाऱ्या डबलर चिपमुळे होणारा उशीर त्यात नसतो, म्हणून ती फसवणूकही नाही आणि चमत्कारही नाही.

बोर्डाची खरी पारख बायोसमधल्या 'ऑटो'वर होते. एक्सपो (रॅमची जाहीर गती लावणारं प्रोफाइल) चालू केल्यावर बोर्ड स्वतःहून एसओसीला किती व्होल्ट देतो ते बघा. एप्रिल २०२३ मध्ये ७८००एक्स३डी जळाल्याच्या बातम्या आल्या, त्यामागे हेच होतं: एक्सपोसोबत काही बोर्ड एसओसी व्होल्टेज बेफाम वाढवत होते. त्यानंतर एएमडीनं १.३ व्होल्टची मर्यादा घातली. आजही काही बोर्ड ऑटोवर १.२५ ते १.३ च्या काठावर बसतात. ६००० च्या रॅमला एवढी गरज नसते. हातानं १.१५ ते १.२० ठेवा आणि एचडब्ल्यूइन्फो ह्या सेन्सर दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये 'एसव्हीआय३ टीएफएन' लिहिलेल्या ओळीत खरा आकडा तपासा. बायोसमध्ये टाकलेला आणि प्रत्यक्ष मिळणारा आकडा ह्यांत ०.०५ व्होल्टचा फरक दिसला तर तो बोर्ड मनातून उतरवा, मग त्यावर कितीही दिवे लागोत.

लोडलाइनची (भार आल्यावर व्होल्टेज किती घसरू द्यायचं त्या सेटिंगची; कडक म्हणजे घसरण कमी) एक गंमत. एमएसआय आणि अ‍ॅसरॉकमध्ये १ म्हणजे सर्वात कडक, असुसमध्ये ८ म्हणजे सर्वात कडक. कुठल्या तरी व्हिडिओतला आकडा दुसऱ्या कंपनीच्या बोर्डावर उतरवला की नेमकं उलटं होतं. कर्व्ह ऑप्टिमायझर वापरणार असाल तर ऑटो किंवा मधली पायरी पुरे. कडक लोडलाइननं भार सुटताना व्होल्टेज वर उसळतं, आणि तिथंच चिपला इजा होते.

---

ऐरोली_डीआयएमएम

सोल्डरधूर ह्यांच्याशी सहमत, पण रॅमच्या बाबतीत महागड्या बोर्डाचा मुद्दा जरा वेगळा आहे, आणि तिथं लोक जास्त फसतात.

चार स्लॉटच्या बोर्डावर वायरिंग डेझी चेन असतं: ट्रेस (बोर्डावरची तांब्याची वाट) आधी एका स्लॉटला शिवतो, मग पुढच्याला. दोन स्टिक ए२ आणि बी२ मध्येच, म्हणजे सीपीयूपासून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये घालायच्या. ए१ मध्ये घातल्या तर मागचा रिकामा तुकडा अँटेनासारखा वागतो, सिग्नल परत फिरतो आणि ६००० सुद्धा चालेलच असं नाही. रिकामा स्लॉट ए२ च्या आधी असला तरी थोडा त्रास देतोच, म्हणून खूप वरची गती हवी असणारे दोनच स्लॉटचे बोर्ड घेतात. असे एटीएक्स (पूर्ण आकाराचे) बोर्ड मोजकेच आणि महाग. पण मिनी-आयटीएक्स ह्या छोट्या आकाराला जागेअभावी दोनच स्लॉट असतात आणि ट्रेसही आखूड. निव्वळ रॅमच्या गतीसाठी साठ हजारांच्या चार-स्लॉट बोर्डापेक्षा तो छोटा बोर्ड कधीकधी सरस ठरतो.

आता प्रश्न असा की तुम्हाला ती गती लागते का. रायझनमध्ये मेमरी कंट्रोलर रॅमच्या बरोबरीनं, म्हणजे १:१, साधारण ६०००-६४०० पर्यंतच चालतो. ८००० ला तो अर्ध्या गतीवर येतो. तिथली कमाई कॅशे (चिपमधली जलद मेमरी) कमी असलेल्या चिपला दिसते. ९८००एक्स३डी कडे ९६ एमबी एल३ कॅशे आहे, त्यामुळे गेममध्ये रॅमकडे जायची वेळच कमी येते. ६००० सीएल३० वर दुय्यम टायमिंग आवळले की मिळण्यासारखं बहुतेक मिळालं. ते ब वरही होतं.

सुरुवातीचे आकडे, स्टिकवर हायनिक्सची १६ गिगाबिटची चिप आहे असं धरून: व्हीडीडी (रॅमचं व्होल्टेज) १.३५ ते १.४०, यूसीएलके=एमसीएलके (म्हणजे वरचं १:१), एफसीएलके (चिपमधल्या जोडणीचा क्लॉक) आधी २०००, मग जमल्यास २१३३. टीआरएफसी (एका रिफ्रेशचा वेळ) ४८० ते ५००. ६००० च्या रॅमचा खरा क्लॉक ३००० मेगाहर्ट्झ असल्यानं ४८० म्हणजे १६० नॅनोसेकंद, आणि हायनिक्सची एम-डाय चिप असो वा ए-डाय, दोन्हींना ते झेपतं. टीआरईएफआय (दोन रिफ्रेशमधलं अंतर) सगळे ६५५३५ लावा म्हणतात. तुमच्या ३४ अंशांच्या खोलीत ते सरळ लावू नका. रिफ्रेश लांबवला की चिपमधला चार्ज जास्त वेळ टिकावा लागतो, आणि तापमान वाढलं की तो लवकर गळतो. ग्राफिक्स कार्डाची गरम हवा थेट स्टिकवर येते. नुसत्या रॅम टेस्टमध्ये ५० अंशांवर पास झालेला सेट गेम चालू असताना ६५ ला एरर देतो तो ह्यामुळे. ४०००० ते ५०००० वर थांबा, किंवा स्टिकवर १२० मिमीचा एक पंखा रोखून ठेवा. बोर्ड बदलून हे सुटत नाही.

आणि चार स्टिकचा मोह नको. रायझन ९००० ला दोन स्टिकवर अधिकृत गती ५६००, चार लावल्या की ३६००.

---

वाशीपूल

वरचे दोघं ब कडे झुकलेत, मी थोडी अ ची बाजू मांडतो. फेजांसाठी नाही, बटणांसाठी.

रॅम ट्यून करताना दिवसातून वीस वेळा बोर्ड पोस्ट होत नाही, म्हणजे सुरूच होत नाही. तेव्हा दोन अंकी कोड, मागच्या पॅनलवरचं सीएमओएस (बायोसची साठवलेली सेटिंग) पुसायचं बटण आणि रीट्रायचं बटण ह्यांची किंमत कळते. ती नसली की दर वेळी कार्डाखाली हात घालून दोन पिना स्क्रू ड्रायव्हरनं जोडायच्या. त्या स्क्रू ड्रायव्हरनंच बोर्ड ओरखडला जातो. कोड १५ वर अडकला तर रॅमचं ट्रेनिंग (बोर्ड रॅमशी जुळवून घेणं) चाललंय, हात लावू नका. ५५ म्हणजे रॅम सापडली नाही, डी६ म्हणजे डिस्प्लेला काही मिळालं नाही. डिस्प्ले नसलेल्या बोर्डावरची चार रंगी एलईडी नुसती 'रॅम' म्हणते, कुठं अडलं ते सांगत नाही.

बाहेरच्या क्लॉक जनरेटरबद्दल मात्र सावध. ९८००एक्स३डी चा मल्टिप्लायर (मूळ १०० मेगाहर्ट्झला गुणणारा आकडा) उघडा आहे आणि पीबीओत +२०० दिलं की बूस्टची कमाल ५.४ गिगाहर्ट्झच्या थोडी वर जाते. पीबीओ ठेवून त्याच्या वर जायलाच क्लॉक जनरेटर लागतो: असिंक्रोनस मोडमध्ये फक्त कोअरचा मूळ क्लॉक १०२ केला की कागदावर ५.५ च्या वर. सिंक्रोनस मोडमध्ये हाच प्रयोग केलात तर पीसीआयईचा क्लॉकही १०० वरून सरकतो आणि आधी एनव्हीएमई एसएसडी गायब होते, कधी विंडोजची फाइलसिस्टिमही बिघडते. त्या पाव-अर्ध्या टक्क्याच्या फ्रेमसाठी अ घेऊ नका. ७८००एक्स३डी ला मल्टिप्लायर बंद होता, तेव्हा ह्या क्लॉक जनरेटरला अर्थ होता.

---

सोल्डरधूर

बटणांचा मुद्दा मान्य. पण कोडचा डिस्प्ले आणि सीएमओएसचं बटण त्याहून स्वस्त बोर्डांवरही मिळतं, शोधावं लागतं एवढंच. आणखी एक तपासा: बायोसची चिप ३२ एमबीची की ६४ एमबीची. एएमडीच्या आधीच्या एएम४ सॉकेटवर १६ एमबीच्या चिपमध्ये जागा संपली म्हणून नवे प्रोसेसर घालताना जुन्यांचा सपोर्ट काढावा लागला होता. एएमडीनं ह्या बोर्डांचं एएम५ सॉकेट २०२७ आणि पुढेही चालवणार म्हटलंय, तेव्हा हा तपशील १८ फेजांपेक्षा जास्त उपयोगी.

---

ठाणे_एटीएक्स

लेनचा हिशोब कुणी मांडला नाही, तो मांडतो.

रायझन ९००० मधून २८ पीसीआयई लेन (कार्ड, एसएसडी जोडायच्या वाहिन्या) निघतात. चार चिपसेटला जातात, उरतात २४: १६ कार्डाला, ४ पहिल्या एम.२ ला (एसएसडीच्या स्लॉटला), ४ मोकळ्या. एक्स८७०ई वर यूएसबी४ सक्तीचं असल्यानं ह्या मोकळ्या चार तिकडे जातात. मग दुसरा आणि तिसरा जेन५ (पीसीआयई ५.०) एम.२ कुठून आला? काही बोर्डांवर तो यूएसबी४ शी वाटून घेतात, काहींवर थेट कार्डाच्या १६ मधून काढतात. तिथं एसएसडी बसली की कार्ड गुपचूप ८ वर येतं. जेन५ कार्डाला ८ लेनवर गेममध्ये फरक जाणवण्याइतका पडत नाही, पण साठ हजार देऊन 'तीन जेन५ एम.२' घेणाऱ्याला हे आधी ठाऊक हवं. मॅन्युअल कंपनीच्या साइटवर फुकट मिळतं. त्यातला ब्लॉक डायग्राम आणि एम.२ च्या तक्त्याखालच्या बारीक टीपा वाचल्याशिवाय पैसे देऊ नका.

एक्स८७०ई चा चिपसेट म्हणजे एक्स६७०ई मध्ये होत्या त्याच दोन चिप, एकापाठी एक. दोन्हींचा सीपीयूकडे जाणारा रस्ता पीसीआयई ४.० च्या चार लेनचा, म्हणजे सेकंदाला जेमतेम ८ जीबी. मागे दहा पोर्ट लावा नाहीतर वीस, नळ एकच. बी८५० ला एक चिप, तोच नळ.

हो, आणि बोर्ड ई-एटीएक्स (एटीएक्सहून रुंद) आहे का बघा. २४४ च्या जागी २७७ मिमी रुंदी असली तर कॅबिनेटमधली केबलची रबरी तोंडं झाकली जातात आणि २४ पिनची केबल वाकवून घालावी लागते.

---

सोल्डरधूर

आता सात दिवसांचं.

लॅमिंग्टन रोडला घ्या नाहीतर ठाण्यात, दुकानातून निघायच्या आधी सॉकेटचं झाकण उघडून मोबाइलच्या मॅक्रोनं फोटो काढा. १७१८ पिना एका दिशेला ओळीत चमकल्या पाहिजेत. एखादी ओळीबाहेर चमकली तर तिथंच बदला, वाकलेल्या पिनेवर वॉरंटी चालत नाही. प्लॅस्टिकचं झाकण जपून ठेवा, आरएमएला (वॉरंटीत कंपनीकडे परत पाठवताना) ते लागतं. खोक्यावरचा, बोर्डावरचा आणि बिलावरचा सिरियल नंबर एकच आहे ना, तेही तिथंच.

घरी बोर्ड कॅबिनेटमध्ये न घालता त्याच्या पुठ्ठ्याच्या खोक्यावर ठेवून चालवा. आधी बायोस फ्लॅशबॅक (पेन ड्राइव्हवरून नवं बायोस लिहिणं): पेन ड्राइव्ह एफएटी३२, फाइलचं नाव कंपनी सांगेल तसं बदललेलं, २४ पिन आणि सीपीयूची ८ पिन एवढीच वीज. पाच ते आठ मिनिटं दिवा लुकलुकतो. त्या वेळी वीज गेली तर फाइल अर्धी राहते. फ्लॅशबॅकनं ती परत लिहिता येते, पण उगाच कशाला, पीएसयू यूपीएसवर लावा. पहिलं बूट होताना स्क्रीन कित्येक मिनिटं काळी राहते. ते ट्रेनिंग आहे, दोन मिनिटांत कंटाळून बटण दाबणारेच 'बोर्ड मेला' म्हणून परत जातात.

पहिला दिवस सगळं स्टॉक. एक्सपोसुद्धा नाही. सिनेबेंच (प्रोसेसरवर भार टाकणारी टेस्ट) दहा मिनिटं, मग प्रत्येक एम.२ स्लॉटमध्ये एकच एसएसडी फिरवून बघा, प्रत्येक यूएसबी, लॅन, सगळे फॅन हेडर. पहिल्या दिवशी एक्सपो लावून क्रॅश झालं तर दोष बोर्डाचा, रॅमचा की चिपच्या कंट्रोलरचा, हे सांगता येत नाही, आणि दुकानदार नेमकं तिथंच बोट ठेवतो. स्टॉकवर क्रॅश झालं तर वाद उरत नाही.

दुसऱ्या दिवशी एक्सपो आणि हातानं एसओसी. रात्रभर टेस्टमेम५ किंवा वाय-क्रंचरचा व्हीटी३, ह्या रॅम पिळणाऱ्या टेस्ट. ह्या वेळी मेमरी कॉन्टेक्स्ट रिस्टोअर बंद ठेवा. ते चालू असलं की बोर्ड जुनं ट्रेनिंगच वापरतो, टेस्ट पास होते आणि आठवड्यानं थंड बूटला निळा पडदा येतो. शेवटी चालू करायचं तर पॉवर डाउन ही रॅमची वीज वाचवणारी सेटिंगही चालू ठेवा, एक चालू आणि एक बंद हे अस्थिरतेचं नेहमीचं कारण.

तिसऱ्या दिवसापासून पीबीओ. कर्व्ह ऑप्टिमायझर सगळ्या कोअरना -१५ पासून. कोअरसायकलर (एकेक कोअर तपासणारा प्रोग्रॅम) प्रत्येक कोअरला ६ मिनिटं दिलं की आठ कोअरची एक फेरी ४८ मिनिटांची. पडलेल्या कोअरला ५ नं वर घ्या, बाकीचे ५ नं खाली. बहुतेकदा विंडोज ज्या दोन कोअरना 'उत्तम' म्हणतं, तेच आधी पडतात, कारण त्यांना मुळातच कमी व्होल्टेज दिलेलं असतं. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये व्हीआ-लॉगरचा (हार्डवेअरच्या चुकांच्या नोंदीचा) १९ क्रमांक दिसला तर दुरुस्त झालेली चूक, १८ म्हणजे रीस्टार्टच. हेवी टेस्ट तासभर टिकते आणि ब्राउझर उघडल्यावर मशीन रीबूट होतं, असं झालं तर कर्व्ह जास्त झालाय. हलक्या भारावर क्लॉक सर्वात वर आणि व्होल्टेजला आधार सर्वात कमी असतो.

---

ऐरोली_डीआयएमएम

खोलीबद्दल दोन ओळी. एआयओ खोलीच्या तापमानाखाली जाऊ शकत नाही, त्यामुळे पावसाळ्यात पाइपवर दव जमायची भीती नाही. पाणी खोलीहून थंड करणारा चिलर लावायचा विचार मात्र मनात आणू नका: जुलैत इथला दवबिंदू २५ अंशांच्या आसपास असतो, २० अंशांचं पाणी सॉकेटभोवती ठिबकायला लागेल. खोली दहा अंशांनी गरम तर चिपही जवळपास दहा अंशांनी. ९५ ला ती स्वतःच क्लॉक उतरवते.

एअर कूलरच्या पंख्याची हवा व्हीआरएमवरून (फेजांच्या भागावरून) जाते, एआयओत ती जात नाही. मागचा एक्झॉस्ट पंखा काढू नका. घोडबंदरला मेट्रोच्या आणि इमारतींच्या कामाची सिमेंटची धूळ आहे, पुढचा फिल्टर पंधरा दिवसांनी झटका. दमट हवेत ती हीटसिंकच्या पंखांत लिंपल्यासारखी बसते.

कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या तर अर्थिंग तपासून घ्या. पीएसयूच्या फिल्टरमधून बॉडीवर निम्मा मेन्स व्होल्टेज येतो, तो अर्थमधून जायला हवा. न्यूट्रल आणि अर्थमध्ये मल्टिमीटरला २-३ व्होल्टपेक्षा जास्त दिसायला नको. अर्थिंग नसलं की ऑडिओत घरघर आणि यूएसबी तुटणं सुरू होतं, आणि लोक बोर्ड बदलत बसतात.

---

घोडबंदरकर

सगळ्यांचे आभार. यूएसबी४ ला लावायला माझ्याकडे काही नाही, त्यामुळे अ बाद. पोस्ट कोड आणि मागे सीएमओएसचं बटण असलेला बी८५० शोधतो. ब च्या मॅन्युअलमध्ये एक टीप सापडली: 'एम.२_३ वापरल्यास पीसीआयईएक्स१६_२ बंद'. हे तेच का, कार्ड ८ वर येणारं?

---

ठाणे_एटीएक्स

नाही. एक्स१६_२ हा खालचा, चिपसेटवरचा स्लॉट. लांबी १६ ची असली तरी आत चारच लेन. कॅप्चर कार्ड लावणार नसाल तर सोडून द्या. टीपेत 'पीसीआयईएक्स१६_१' लिहिलं असतं तर काळजी. बोर्ड आल्यावर जीपीयू-झेड हा कार्डाची माहिती दाखवणारा प्रोग्रॅम उघडून बस इंटरफेसच्या शेजारचं प्रश्नचिन्ह दाबा, रेंडर टेस्ट चालू करा आणि 'एक्स१६ ५.०' दिसतंय का बघा. टेस्ट न लावता बघितलंत तर १.१ दिसेल, कार्ड रिकामं असताना लिंक स्वतःच गती उतरवते.